कब्जेवाले उस्ताद

मोटार समोर आली की आमच्या मंगरूळपिरातली माणसं आधी तिचं इंजिन पाहत. उस्ताद दार पाहत. दार अर्धं उघडत, खालून तळहात लावून हलकेच वर उचलत आणि डोळे मिटून घेत. बिजागरी झिजल्यामुळे दार जरा जरी वर सरकलं तरी त्यांच्या तोंडून ‘च्च’ निघे. “इंजिन बंद पडलं तं मानूस उशिरा घरी पोचते,” ते म्हणत, “चालत्या गाडीचं दार उघडलं तं कदी कदी पोचतच नाही.”

दर्ग्याच्या रस्त्यावर त्यांचं लोहारकामाचं दुकान होतं. कुलपं आणि कड्या करता करता ते मोटारींकडे वळले. बिजागरीला ते कब्जा म्हणत, म्हणून गावाने त्यांचं नाव कब्जेवाले उस्ताद ठेवलं. गावात मोटारी तीनच, त्यांतल्या दोन एकाच जमीनदाराच्या. माझे वडील त्या जमीनदारांकडे ड्रायव्हर होते. त्या पगारावर मी अमरावतीला कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरात चौथीपुढे गेलेला मी पहिलाच.

बिजागरीची खीळ बदलताना उस्तादांना घाई ठाऊक नसे. दाराखाली लाकडाचा ठोकळा देऊन जुनी खीळ खालून ठोकून काढायची. नवी पोलादी खीळ कानसेने घासायची. मग भोकात काजळी फासून ती फिरवायची आणि काजळी जिथे लागली तिथेच पुन्हा घासायची. एकदा वडील म्हणाले, “उस्ताद, नवरीले काजळ घालून राह्यले काय?”

“नवरी बरी, बाप्पा! एकडाव घातलं का झालं. हिचं दहा डाव पुसा लागते.”

मी सुट्टीत घरी असताना आसेगावच्या रस्त्यावर अपघात झाला. वळणावर मोटारीचं मागचं दार उघडलं आणि मालकांची म्हातारी आई बाहेर फेकली गेली. हात मोडला. मालक वडिलांना म्हणाले, “सखाराम, दार नीट लावलं नाही तू. उद्या चावी ठेवून दे.” दार लावल्याचं वडिलांना पक्कं आठवत होतं. पण संध्याकाळपर्यंत त्यांचाच स्वतःवरचा भरवसा डळमळला. “लावलं होतं ना रे मी?” ते मला विचारू लागले. मी तर गाडीत नव्हतोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार दुरुस्तीसाठी मालकांनी उस्तादांना बोलावलं. वडील चावी घेऊन अंगणात उभे होते, मी त्यांच्या मागे. उस्तादांनी वरच्या बिजागरीची खीळ काढून मालकांच्या हातावर ठेवली. मधोमध ती झिजून निम्मी झाली होती.

“दार खाली बसलं, मालक. कुलपाची जीभ अर्दीच अडकत होती. सखारामनं दार लावलंच होतं.”

मालकांनी खिळीवरून बोट फिरवलं. “मंग हे आधी कोनाले काहून नाही दिसलं?”

आतलं झिजणं वरून दिसत नाही, एवढं सांगितलं असतं तरी मालकांना पटलं असतं. उस्ताद म्हणाले, “मले दिसलं होतं. दिवाळीले दार उचलून पाह्यलं तवाच समजलं. अजून चालते म्हनलं, तेल टाकलं अन् सोडून देल्लं. कसूर माहा हाय.”

मालकांचा चेहरा उतरला, मग तापला. “हे काम पुरं करा, उस्ताद. मंग इकडं पाय ठेवू नका.” वडिलांकडे न पाहताच ते म्हणाले, “चावी राहू दे तुह्यापाशीच.”

उस्तादांनी त्या दिवशी एकच नव्हे, चारही दारांच्या खिळी बदलल्या. जेवायलाही उठले नाहीत. शेवटचं दार बोटाने ढकललं तेव्हा ते हलकं ‘टप’ करून बसलं. मालकांच्या मोटारी मग दुरुस्तीला अकोल्याला जाऊ लागल्या. उस्ताद पुन्हा कुलपं अन् कड्या करू लागले. त्याबद्दल एक शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नाही.

बी. ए.चा निकाल लागला तसा मी पेढे घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. पाया पडायला वाकलो, तर त्यांनी खांदे धरून उभं केलं.

“चाचा, तुमच्यामुळं मी बी. ए. झालो.”

“माह्यामुळं तुह्या बापाची नवकरी जात होती,” ते म्हणाले. “कोनाले माही गोष्ट सांगशील तं हे पन सांगजो.”

म्हणून सांगितलं. पण माझं म्हणणंही मी मागे घेत नाही.