मनी उठून गेली तेव्हा

सानगडीची बेबीबाई बावीस वर्षांत भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, भय्याजींशी, एक शब्द बोलली नव्हती. रीतच तशी होती. जे सांगायचं ते ती पदर ओढून मनी मांजरीला सांगायची (मांजर बदललं तरी नाव मनीच), आणि भय्याजी उत्तरही मनीलाच द्यायचे. घरातलं सगळं फक्त मनीलाच नीट ठाऊक होतं.

१९७९ साली बेबीबाईच्या कुंदाला भंडाऱ्याच्या कॉलेजात जायचं होतं. घरात सही चालायची ती भय्याजींचीच, आणि फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता.

“मने, भाऊजीले सही कराले सांग.”

“मने, पोरगी शिकून काय करनार, ते विचार.”

मनी कंटाळून उठली आणि उंदरामागे निघून गेली. बेबीबाईने हाताला लागला तो पितळी लोटा पुढे ओढला. “लोट्या, भाऊजीले सांग...”

“लोट्याले का ऐकू येते वो?” भय्याजी थेट तिच्यावरच खेकसले.

“तुमाले येते ना? मंग करा सही!”

त्या धक्क्यातच भय्याजींनी सही केली.

कॉलेजात मानवी संवादाचा विषय शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला विचारलं, “संवादाला कमीत कमी किती जण लागतात?”

“दोन,” कुंदा म्हणाली. “पण मांजर उठून गेल्यावर.”