सात निळे फोटो

सोमवारी सकाळच्या शिफ्टला सात जणांचे गेटपास चाललेच नाहीत. कार्ड लावलं की मशीनवर लाल दिवा. सिक्युरिटीवाला म्हणाला, "एजन्सीला विचारा." एजन्सीचा सुपरवायझर म्हणाला, "काम कमी झालंय, लागलं तर फोन करू." कागद नाही, नोटीस नाही, माणूस घरी.

मी त्याच कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालो. खाडीकाठची कंपनी आहे, नाव सांगत नाही. आमच्या वेळी कामगार कंपनीचाच असे. आता माणूस राबतो कंपनीत, पण कागदावर एजन्सीचा. त्याचा पास बंद केला की त्याला काढलं असं कुणी म्हणतसुद्धा नाही. अशा लोकांची युनियन बांधायचं काम मी म्हातारपणी अंगावर घेतलं. पुरेसे सभासद होईपर्यंत एकही नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा त्यातला पहिला नियम. माझ्या कापडी पिशवीत एकोणीस फॉर्म होते. पास बंद झालेले सातही जण त्या एकोणिसांतले.

संध्याकाळी सगळे समाजमंदिरात जमले. पॅकिंगला असलेल्या कुंदाताई सरळच म्हणाल्या, "तात्या, आपल्यातला कोनतरी फुटलाय."

माना जनार्दनकडे वळल्या. त्याची थोरली बहीण एजन्सीच्या त्या सुपरवायझरला दिलेली.

"माजा पन पास बंद हाय," तो म्हणाला.

"नाटक हाय ते," मागून कुणीतरी बोललं. "चार दिसांनी गुपचूप चालू व्हईल."

संशयाचं असंच असतं. उलटा पुरावाही त्याला सुलटा दिसतो. मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "जनू, तू जरा बाहेर थांब." तो उठला, चपला घातल्या आणि ओट्यावर जाऊन उभा राहिला. कुंदाताईंनी दार लावून घेतलं. पुढचा तासभर आम्ही त्याच्याबद्दलच बोललो. सात पासांचं काय करायचं ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी लेबर ऑफिसात तक्रार द्यायची म्हणून त्या सात जणांचे फॉर्म वेगळे काढले. टेबलावर मांडले आणि चष्मा पुसून पुन्हा बघितले. सातही फोटोंमागचा पडदा एकच, निळा. उरलेल्या बारांवर कुणाचा लग्नातल्या फोटोतून कापलेला चेहरा, कुणाचा दहावीच्या वेळचा. आणि जनूला तर एकोणीसही नावं माहीत होती. निम्मे फॉर्म त्यानेच भरून आणले होते. फोडायचेच तर त्याने सातच का फोडले असते?

निळा पडदा नाक्यावरच्या संजूच्या स्टुडिओतला. मी फोटो त्याच्यापुढे ठेवले.

"हे तू काढलेस?"

"हो काका. कंपनीच्या कामाला पाहिजेत म्हणाले. शनिवारी एजन्सीला मेल केले, नेहमीसारखे."

दर सहा महिन्यांनी गेटपास नवा होतो. कामगाराने संजूकडे फोटो काढायचा आणि संजूने तो परस्पर एजन्सीला पाठवायचा, अशी तिथली वहिवाट. युनियनचं नाव काढायचं नाही म्हणून सातही जणांनी त्याला कंपनीचं काम सांगितलं होतं. बिचाऱ्याने वहिवाट पाळली. पण या सात जणांचे पास संपायला अजून अवकाश होता. मग फोटो कशाला लागले, हे सुपरवायझरने ओळखलं. इतकी वर्षं माणसं हाकणाऱ्याला तेवढं कळतंच.

फॉर्मवर फोटो पाहिजेच म्हणून कोण अडून बसलं होतं? मी. "संजूकडे जा, दहा मिनिटांत मिळतात," कोण म्हणालं होतं? तेही मीच. आमच्या जुन्या युनियनच्या फॉर्मवर फोटो असायचा, म्हणून मागितला. कायद्याला तो लागत नाही. मला माझीच लाज वाटली.

लेबर ऑफिसात साहेबांनी गेटपासचं रजिस्टर मागवलं आणि एजन्सीवाल्याला विचारलं, "काम कमी झालं?"

"हो साहेब."

"मग त्याच आठवड्यात सात नव्या माणसांचे पास कसे काढले?"

त्याने फाइल उघडली, पानं चाळली आणि मिटली. तीन आठवड्यांनी सातही जण कामावर गेले.

त्या रविवारी मी आणि कुंदाताई जनूच्या घरी गेलो. सगळं सांगितलं, हात जोडले. त्याने खुर्च्या दिल्या, बायकोने चहा आणला. चहा संपल्यावर त्याने कप गोळा करून बाजूला ठेवले.

"फॉर्म भरला म्हनून भावजी बोलत न्हायत," तो म्हणाला. "बहिनीचं येनं बंद झालं. आनि तुमी मला दाराबाहेर काढलात. माजा फॉर्म देता का परत, तात्या?"

मी पिशवीतून काढून दिला. त्याने तो फाडला नाही, नीट घडी करून खिशात ठेवला.

आता युनियन रजिस्टर झाली आहे. फॉर्मवर फोटो नसतो. नवीन कार्यकर्त्याला मी एकच सांगतो, फितूर शोधायला निघण्याआधी आपली पिशवी तपासा. जनू रोज कामावर जातो. वाटेत भेटला की नमस्कार करतो, थांबत नाही.