पांढऱ्या साडीतला फोटो

अबुधाबीत आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांची मावसबहीण वीस वर्षं तमिळ चित्रपटांत नायिका होती, नंतर मालिकांत आली. दोन हजार सालच्या आसपास, जानेवारीत, ती एका कार्यक्रमासाठी येऊन अक्कांकडे उतरली. त्याच आठवड्यात शुक्रवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं होतं. बायकोने दोघींना बोलावलं.

बोलावणं केल्याच्या दुसऱ्याच दिवशी बिल्डिंगमधल्या एक मराठी वहिनी तमिळ साप्ताहिक घेऊन आल्या. मुखपृष्ठावर तीच अभिनेत्री, पांढरी साडी, कपाळ मोकळं.

"बघा. हिला नवरा नाही."

"आत लिहिलंय काय?" मी विचारलं.

"तमिळ कुणाला येतं, भावजी? फोटो दिसतोय ना."

माझी मुलगी टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाली, "आंटी, दॅट्स हर सीरियल."

"तू गप्प गं. ती येणार असेल तर बाकीच्या येणार नाहीत. बसा मग वाणं मोजत."

मी साप्ताहिक घेऊन अक्कांकडे गेलो. त्यांनी वाचून सांगितलं: फोटो मालिकेतला, भूमिका विधवेची. नवरा चेन्नईत बँकेत. वय मात्र दोन पानांवर दोन छापलेलं. त्यातलं एक खरं धरलं तर बाई दहाव्या वर्षीच नायिका झाली होती.

"वो नहीं आएगी, भाईसाब," अक्का म्हणाल्या. "सुन लिया उसने. आदत है उसको."

या आदतीचाच मला संताप आला. नवरा आहे हे कळून हायसं वाटलं नाही. नसता, तर काय दारातून परत पाठवायचं होतं? न वाचता येणाऱ्या कागदावरून कुणाचा संसार ठरवायचा, हा कुठला न्याय?

शुक्रवारी बायको स्वतः जाऊन तिला हाताला धरून घेऊन आली. निम्म्याच जणी आल्या होत्या. बायकोने कुंकू लावलं, तिनेही करंडा घेऊन बायकोला लावलं. एवढ्यात त्या वहिनी आल्या. वाण घेतलं आणि थेट तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, एक फोटो काढा ना आमचा."

"आधी त्यांना कुंकू लावा, मग काढतो."

वहिनींनी करंड्याकडे पाहिलं.

"राहू दे मग," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. वाण मात्र ठेवून गेल्या नाहीत.