साडभाऊंची पेटी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात विषय निघाला की मला चष्मा शोधायला उठावं लागायचं, आणि तो बहुतेक वेळा माझ्या नाकावरच असायचा. आता पंच्याहत्तरी उलटली. ज्यांच्याविषयी सांगायचं ते या पावसाळ्याच्या आधी गेले. मी गप्पच राहिलो तर सालेकशाकडच्या त्यांच्या गावात जे खोटं बोललं जातं तेच खरं ठरेल. तसं होऊ द्यायचं नाही, एवढं ठरवून लिहायला बसलो आहे.

सूर्य हा आपल्या हाताखालचा कर्मचारी आहे असं मनापासून समजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे माझे साडभाऊ, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सूर्य वेळेवर उगवला की ते समाधानाने मान हलवायचे. ढगाआड गेला की अंगणात येऊन, कमरेवर हात ठेवून वर बघायचे आणि म्हणायचे, "आता कुठी गेला हा?" त्या सुरात काळजी कमी आणि मेमो देण्याची तयारी जास्त असायची. तीस वर्षं ते विजेच्या खांबांवर चढले. लाइनमन म्हणून रिटायर झाले तेव्हा त्यांच्या पिंढऱ्यांवर खांबांचे वळ होते आणि कानात अख्ख्या तालुक्याच्या शिव्या. "लाइन गेली का लोक वाऱ्याले शिव्या नाही देत, भाऊजी," ते मला म्हणायचे. "लाइनमनले देतेत. वारा कोणाच्या हाती लागते?"

रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. साडभाऊंनी सोलरची पेटी घेतली. शिलाई मशीनच्या डब्याएवढी, वर मूठ, समोर किती टक्के भरली ते दाखवणारा पडदा, आणि सोबत चार घड्यांची काळी प्लेट. प्लेट उन्हात पसरायची, वायर पेटीला लावायची, की पेटी भरते आणि मग तिच्यावर पंखा, दिवे, मोबाइल, काय हवं ते चालतं. ही पेटी मोटारसायकलच्या मागे ट्यूबने बांधून ते लग्नाला जात, बारशाला जात, तेरवीलाही जात. घरी पाहुणा आला की पाण्याच्या आधी प्रश्न यायचा, "मोबाइल किती टक्के?" चाळीसच्या खालचा आकडा सांगणाऱ्या माणसाकडे ते उपाशी असल्यासारखं बघायचे. प्लेट दर अर्ध्या तासाने सूर्याकडे फिरवायची, हा त्यांचा नेम. पुतणीच्या सोयरिकीची बोलणी ऐन रंगात आली असताना ते "आलोच" म्हणून उठले, प्लेट फिरवून आले आणि बसता बसता मुलाच्या बापाला म्हणाले, "हं, तुमी का म्हणत होते?" मुलाचा बाप काय म्हणत होता ते त्यालाही आठवेना. सोयरीक मात्र जमली.

एकदा थंडीत त्यांना तंबूची हौस आली. चिचगडच्या पुढे एका ओळखीच्या शेतात, तलावाच्या काठी आम्हा चौघांचा मुक्काम ठरला. तंबू त्यांनी जुन्या ताडपत्रीचा शिवून घेतला होता. आत दोन दिवे, रेडिओ, आणि हे कोणी मागितलं नव्हतं, तरी एक टेबलपंखा. थंडी अशी की चहा कपात ओतेपर्यंत निवायचा, आणि साडभाऊंनी पंखा सुरू केला.

माझी बायको दोन गोधड्यांतून नाक बाहेर काढून म्हणाली, "जी, बंद करा ना तो! कायले लावला?"

"चालते का नाही ते पाहून राहिलो, बाई."

"चालते, दिसलं. आता?"

"आता किती वेळ चालते ते पाहून राहिलो."

पहाटेपर्यंत चालला. माझ्या साळीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला हळूच सांगितलं, "भाऊजी, मी लग्नात यांच्या गळ्यात हार घातला, तवा मले वाटलं माणसाच्या गळ्यात घालून राहिली. हे तं खांबच निघाले."

आता त्या चैत्राकडे येतो. मोहफुलांचे दिवस होते आणि आम्ही नवराबायको आमच्या कुडव्याहून त्यांच्याकडे आठ दिवस राहायला गेलो होतो. मध्येच वादळ झालं. झाडं पडली, जंगलातून येणारी लाइन तुटली, गाव दोन रात्री अंधारात. साडभाऊंच्या अंगात वीसपंचवीस वर्षांचा माणूस शिरला. गल्लीतले सगळे मोबाइल त्यांनी ओट्यावर ओळीने मांडून चार्ज केले आणि पेटी पार तळाला नेली. शेजारी टेकामबाबा राहत. त्यांना दम्याची जुनी खोड, दम वाढला की संध्याकाळी मशीनवर वाफ घ्यावी लागे. टेकामआजी दारात येऊन उभी राहिली, तर ती काही बोलायच्या आधीच साडभाऊ म्हणाले, "वाफेची फिकर नको करू, आजी. मी लाइनमन आहो. लाइन नाही तं माही पेटी आहे. दिवसभरात भरते."

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. खांब जंगलात नेमके कुठे आहेत हे नव्या लाइनमनांना ठाऊक नव्हतं, म्हणून साडभाऊ सकाळीच कोयता घेऊन त्यांच्याबरोबर निघाले. जाताना त्यांनी प्लेट माझ्या स्वाधीन केली. आजवर ती त्यांनी साळीच्याही स्वाधीन केली नव्हती. "दर अर्ध्या तासानं फिरवजा, भाऊजी. बाकी काहीच नाही करायचं."

काहीच नाही करायचं, हेच मला जमलं नाही. मी कुडव्याला नेण्यासाठी टोपलीभर मोहफुलं वेचून आणली होती आणि आदल्या रात्रीच्या सरीत ती भिजली होती. अंगण ओलं, खाटा ओल्या, चटया ओल्या. ओली फुलं एका दिवसात आंबतात, काळी पडतात. सगळ्या अंगणात कोरडी, काळी, हाताला चटका देणारी एकच जागा होती, आणि ती माझ्यासमोर पसरली होती. वर काच नाही, कापडासारखी प्लेट. जन्मभर आम्ही उन्हात जे काही पसरलं ते वाळवायलाच पसरलं. ऊन खाली जाऊन वायरीतून पेटीत शिरतं, हे मला ऐकून माहीत होतं, पण हाताला पटलेलं नव्हतं. मी फुलं एकसारखी पसरली आणि दर अर्ध्या तासाने, सांगितल्याप्रमाणे, प्लेट फिरवली. फुलांसकट. इतकी सुरेख वाळलेली मोहफुलं मी पुन्हा पाहिली नाहीत. तीन वाजता ती गोळा केली, गमछ्याने प्लेट पुसली आणि पडवीत आडवा झालो. पेटीचा पडदा एकदाही पाहिला नाही.

दिवेलागणीला साडभाऊ आले. अंगभर ओरखडे, चेहऱ्यावर दिवाळी. "उद्या लाइन येते!" त्या आनंदात त्यांनी पडद्याकडे न बघताच पेटी उचलली आणि थेट टेकामबाबांच्या ओट्यावर नेली, मागोमाग गल्ली. मशीन लावलं, बाबांनी नळी तोंडाला धरली, दोन मिनिटं घरघर झाली, पेटी टीं टीं करून बंद पडली. कोणी तरी अंधारातून बोललं, "का बा लाइनमन, पेटी बी तुमच्यासारखी रिटायर झाली का?" लोक हसले. मग बाबांना धाप लागली आणि कोणी हसेना. साडभाऊंनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागे शेजारचा माणूस, आणि पडलेल्या झाडांतून वाट काढत दवाखान्यात नेलं. बाबा वाचले. पुढेही चांगली चार वर्षं जगले आणि दर चैत्रात ही गोष्ट सांगत राहिले.

दवाखान्यातून परतल्यावर साडभाऊंनी मला एकच विचारलं. "भाऊजी, प्लेट फिरवली होती ना?"

"फिरवली," मी म्हणालो. साळी समोर होती, माझी बायको समोर होती. फिरवली होतीच. एवढ्या खऱ्या शब्दात एवढं मोठं खोटं मावेल असं मला वाटलं नव्हतं.

"मंग पेटीच खराब," ते म्हणाले, आणि ती माळ्यावर ठेवून दिली.

त्या दिवसानंतर त्यांनी कोणाला टक्के विचारले नाहीत. लग्नात ते इतरांसारखे हात मोकळे घेऊन यायचे आणि ते मोकळे हात कुठे ठेवावे हे त्यांना कळायचं नाही. ढग आले तरी मान वर जात नसे. पानठेल्यावर कोणी "लाइनमन, पेटी कशी आहे?" म्हणून डिवचलं की ते नुसते हसायचे. मी तीनदा सांगायचं ठरवून सालेकशाची गाडी धरली. दोनदा चहा पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा ते गोंदियाच्या दवाखान्यात पडून होते. मी स्टूल ओढलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "साडभाऊ, त्या पेटीचं..." त्यांनी डोळे उघडले, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि कितीतरी वर्षांनी विचारलं, "मोबाइल किती टक्के?"

"बावीस."

"मंग लावून घ्या ना. तिथं आहे बटन."

मी उठून मोबाइल लावला. वळलो तर त्यांचा डोळा लागला होता.

तेरवीनंतर साळीने विचारलं, "भाऊजी, ते बिघडलेली पेटी भंगारवाल्याले देऊ का? आता कोण तिले दर पुनवेले खाली काढन, अन् उन्हात ठेवून भरन, अन् पुन्हा वर ठेवन?" दर पौर्णिमेला पेटी भरत होती. म्हणजे पेटी चांगली आहे हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. प्लेट चांगली, पेटी चांगली, ऊन चांगलं, मग खराब काय ते शोधायला लाइनमन कशाला हवा? पण तसं बोललं असतं तर मी, त्यांचा मोठा साडभाऊ, खोटा पडलो असतो, बायकांसमोर, सासरच्या नात्यात. त्यापेक्षा त्यांनी स्वतःची पेटी खोटी पडू दिली.

पेटी मी कुडव्याला आणली आहे. काल गच्चीवर प्लेट पसरली, अर्ध्या अर्ध्या तासाने फिरवली, एक पान पडलं तेही उचललं. दुपारी शंभर टक्के झाले. हे लिहिताना माझा पंखा तिच्यावरच चालू आहे. येत्या रविवारी ती मोटारसायकलला बांधून सालेकशाला नेणार आहे आणि टेकामआजीच्या ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर, वाफेचं मशीन लावून दाखवणार आहे. काय झालं होतं तेही सांगणार आहे. लोक ऐकतील. ज्यांना ऐकवायचं होतं ते मात्र स्टुलापासून हातभर अंतरावर असताना मला एवढंच म्हणता आलं नाही: साडभाऊ, माफ करा, तुमची पेटी चांगली होती. प्लेटवर माझी मोहफुलं होती.