मेथीच्या वासाचं दूध

"डॉक्टरसाहेब, वास लिसन दखा," म्हणत दूध संकलन केंद्राच्या सचिवांनी कॅन माझ्या नाकाखाली धरला.

मी वास घेतला. मेथी. स्वच्छ, खमंग मेथी. भाजीत असती तर कौतुक केलं असतं.

"आठ दिनपाइन असंच यी ऱ्हायनं. सोमवारपाइन सुमनबाईनं दूध मी लेवाव नही."

सुमनबाई शेजारीच उभ्या होत्या. ब्राह्मणपुरीत त्यांच्या पाच गायी. एका गायीवरून पाचांवर त्यांनी स्वतःच्या हिमतीवर नेलेल्या. गावात दुसरं केंद्र नाही. दूध बंद झालं तर गायी विकायच्या, दुसरा रस्ता नव्हता. आणि त्यांना आमच्या कंपनीची पावडर दिली होती मी. त्यामुळे त्या सचिवांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

मी पशुवैद्यक. वनौषधींचं पशुपूरक बनवणाऱ्या कंपनीत टेक्निकल ऑफिसर. पूरक म्हणजे चाराही नाही आणि औषधही नाही. रोजच्या सरकीच्या ढेपेत चमचाभर मिसळायची पावडर. त्यात शतावरी, जिवंती, थोडी मेथी. व्यालेल्या गायीची भूक सुधारते, दुधाला मदत होते. चमत्कार होत नाही, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगतो आणि सेल्सवाले प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्यावर चिडतात.

केंद्राबाहेर येऊन कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

"हिरव्या चाऱ्यावर ढकला," साहेब म्हणाले. "आपल्या प्रॉडक्टमध्ये मेथी आहे हे तिथे बोलूच नका."

"सर, मेथी आहे हे पाकिटावर छापलंय."

"कोण वाचतं?"

मला राग आला. पण नोकरीत राग गिळायची सवय असते. दोन दिवस द्या, एवढंच म्हणालो.

आधी गोठा पाहिला. भांडी लख्ख. प्रत्येक गायीच्या सडातलं दूध टेस्टच्या द्रावणात मिसळून पाहिलं. कासेला आजार असला तर ते शेंबडासारखं घट्ट होतं. झालं नाही. चारा म्हणजे उसाचं वाढं आणि मका. वाढ्याला मेथीचा वास येत नाही, हे साहेबांनाही कळलं असतं. पावडरही सुमनबाई पाकिटातल्या मापानेच घालत होत्या. मग एवढा वास कुठून? चमचाभर पावडरीत तेवढी मेथी नव्हतीच.

"ताई, तुम्ही कशी देता ते मला दाखवा. सांगू नका, करून दाखवा."

संध्याकाळच्या धारेला दीड तास होता. सुमनबाईंनी चूल पेटवली. तव्यावर तेल, त्यात ओंजळभर मेथी, मूठभर बाळंतशेपा. भाजून, पाट्यावर भरडून, गूळ घातला. त्यावर आमची पावडर. सगळं ढेपेत कालवून गायींपुढे ठेवलं. गायींनी घमेली चाटून पुसून स्वच्छ केली.

"हे कोणी सांगितलं?"

"कोनी सांगाले कशाले जोयजे? बाळंतीणले आम्ही मेथी देतस, शेपा देतस. गाय बी बाळंतीणच शे ना."

"आणि धारेच्या आधी का?"

"दूधनी दवाई शे. दूध काढाना पहिलेच देवाले जोयजे. मन्हं काय चुकनं?"

घरच्या लेकीसुनेचं करावं तसं त्या गायींचं करत होत्या. चुकली होती ती फक्त वेळ, आणि वेळ आमच्या पाकिटावर छापलेलीच नव्हती.

गोष्ट साधी आहे. उग्र वासाचं काही गायीने खाल्लं की तो वास रक्तातून कासेत उतरतो. खाल्ल्यानंतर पहिले दोन-तीन तास जास्त, मग ओसरत जातो. त्याच वेळात धार काढली तर वास दुधात.

पण सचिवांना शास्त्र ऐकायचं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तीन गायी निवडल्या. पहिलीला संध्याकाळच्या धारेआधी सगळा घरचा मसाला. दुसरीला धारेआधी नुसती आमची पावडर. तिसरीला सगळा मसाला, पण सकाळची धार झाल्याबरोबर. संध्याकाळी तिघींचं दूध तीन पेल्यांत घेतलं, पेल्यांच्या बुडाला खडूने आकडे घातले आणि केंद्रावर नेलं. कुठला पेला कुठल्या गायीचा हे सचिवांना सांगितलं नाही.

त्यांनी एकेक पेला हुंगला. "यामा मेथी शे. यामा जराशी शे." तिसऱ्याला दोनदा नाक लावलं. "यामा काहीच नही."

पेले वर उचलून बुडाचे आकडे दाखवले. जराशा वासाचा पेला नुसत्या पावडरीचा निघाला. म्हणजे आमची पावडरही धुतल्या तांदळासारखी नव्हती. ते मी तिथेच, सचिव आणि सुमनबाई दोघांसमोर सांगितलं.

सोमवारी सुमनबाईंचं दूध कॅनमध्ये ओतलं गेलं. मेथी त्यांनी बंद केली नाही. कमी केली, आणि धार झाल्यावर देऊ लागल्या. पाचही गायी आज गोठ्यात आहेत. पुढे खांडबाऱ्याच्या पशुपालक मेळाव्यात मी त्यांनाच बोलायला उभं केलं. माझ्यापेक्षा चांगलं बोलल्या.

रिपोर्टमध्ये मी सगळं लिहिलं. साहेब दोन आठवडे माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग नवीन पाकिटं आली. त्यावर ठळक अक्षरात छापलं होतं : धार काढल्यानंतरच द्यावे. ते वाक्य माझं आहे. डिग्रीची फ्रेम मी भिंतीवर लावलेली नाही, ते पाकीट मात्र टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. फुशारकी म्हणा हवं तर.

तेव्हापासून तक्रार आली की मी आधी पाकीट मागत नाही. चुलीपाशी जाऊन उभा राहतो. किती द्यायचं ते कंपनी ठरवते, पण गायीच्या पोटात काय जायचं ते घरची बाई ठरवते.