ट्रंकेतली दुपटी

पहिलं बाळंतपण माहेरी, अशी आमच्याकडची रीत. माझं माहेर सांडोरचं, केळीच्या आणि भाजीच्या वाडीतलं. सासर माणिकपुरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. सातव्या महिन्यात सासूबाईंनी माझ्या आईला सांगून टाकलं, "तिकडे डास, चिखल, गोठा. पहिलं नातवंड आहे. इथेच राहू दे तिला." आईने मान डोलावली. फ्लॅटमधली माणसं बोलतात ते शहाणपणाचंच असणार, असं तिला वाटायचं. तेव्हा मलाही वाटायचं. ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट.

मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी घरी आणला तेव्हा किंचित पिवळा होता. डॉक्टर म्हणाले, होतं असं, दोन दिवसांनी दाखवायला आणा. घरी सासूबाईंनी पलंगाखालून ट्रंक ओढली. माझ्या नवऱ्याची लहानपणची झबली, टोपरी, दुपटी त्यांनी अठ्ठावीस वर्षं जपून ठेवली होती. दरवर्षी न चुकता डांबराच्या गोळ्या बदलायच्या.

"एक कसर लागू दिली नाही बघ," त्या म्हणाल्या आणि दुपटं झटकून बाळाला त्यात गुंडाळलं. वास इतका उग्र होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"धुऊन घालू या का?" मी विचारलं.

"धुतलेलीच आहेत गं."

पुढच्या दोन दिवसांत बाळ हळदीसारखं पिवळं झालं, पार तळपायापर्यंत. अंगावर पिईना. रडणं बारीक, टोचल्यासारखं, आणि रडताना मान मागे टाकायचं. भाड्याची गाडी करून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे त्याचं रक्त दोनदा बदललं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हां तिघांना व्हरांड्यात उभं करून विचारलं, "कपडे डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले होते का? काही मुलांच्या रक्तात एक गोष्ट जन्मतःच कमी असते. एरवी काही होत नाही. पण त्या गोळ्यांची वाफ लागली की रक्तपेशी भराभर फुटतात आणि कावीळ मेंदूपर्यंत जाते."

सासूबाई म्हणाल्या, "नाही. आमच्याकडे नाही ठेवत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. मी चोवीस वर्षांची, पाच दिवसांची ओली बाळंतीण. मीही काही बोलले नाही.

बाळ वाचलं. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं, तेव्हा ती कमतरता निघाली. आईकडून मुलाकडे येते, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभरात आणखी एक गोष्ट कळली. दार आपटलं तरी तो वळून बघायचा नाही. त्या काविळीने त्याचं ऐकू येणं गेलं होतं.

मग घरात एक वाक्य रुळलं. "तिच्याकडचं आहे ते." आल्यागेल्याला, हळदीकुंकवाच्या बायकांना, माझ्यासमोर. माझ्या आईच्या कानावर गेलं तेव्हा ती रडकुंडीला आली. "आमच्या घरान्यात कोनी बहिरं नाय गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी भावाला तपासायला नेलं. त्याच्यातही तेच निघालं. तिशीचा माणूस, दिवसभर वाडीत राबणारा, कधी आजारी नाही. जन्मल्यावर त्याला आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलं होतं, उन्हात कडक वाळवलेल्या. तेच रक्त, पण त्याला ती ट्रंक भेटली नव्हती.

धाकटा नऊ वर्षांनी झाला. जन्मल्याबरोबर तपासणी केली, त्याच्यातही कमतरता. या वेळी मी हट्टाने सांडोरला गेले. त्या डासांत आणि चिखलात तो खणखणीत वाढला. डॉक्टरांनी काय टाळायचं ते सांगितलं: मलेरियाची अमुक गोळी, काही औषधं आणि डांबराच्या गोळ्या. नवरा शेजारीच बसला होता. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा खरंच त्यामुळेच..."

"तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात."

तो म्हणाला, "आईला आता काही बोलू नकोस. तिचं वय झालंय."

नऊ वर्षं मी ऐकून घेत होते, तेव्हा माझं वय कुणी काढलं नव्हतं. फ्लॅटवर परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बोलले. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"आई, तेव्हा इस्पितळात डॉक्टरांना तुम्ही 'नाही' असं का सांगितलंत?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "घाबरले. त्या बाईंनी विचारलं तेव्हाच मला कळलं होतं."

"मग इतकी वर्षं माझ्यावर का ढकललंत?"

"तू गप्प बसलीस ना," त्या म्हणाल्या. "खोडून काढलं असतंस तर मी काय करणार होते?"

ट्रंक त्यांनी पहिल्याच वर्षी कुणाला न सांगता भंगारवाल्याला दिली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांच्यावर धड रागावताही येत नाही, याचाच मला सर्वांत जास्त राग येतो. थोरल्याची हातवाऱ्यांची भाषा घरात सगळ्यांत आधी त्या शिकल्या. साठीत, त्याच्या शाळेत रोज जाऊन बाकावर बसून. मला अजूनही त्याचं निम्मं बोलणं दोनदा विचारावं लागतं, त्यांना नाही. शाळेतून आला की तो दप्तर टाकून थेट त्यांच्या खोलीत जातो. दोघं हातांनी भराभर बोलतात, मध्येच त्या तोंडाला पदर लावून हसतात. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते. कशाला हसले ते विचारलं तर तो हाताने सांगतो, काही नाही.