कपाटावरचे चार पट्टे

हिरवे जाळीचे कपाट कुठे दिसले की मला अजून हसू येते. नोकरीत मी घरफोड्या, दरोडे, खून सगळे हाताळले. पण आरोपी 'माल बनावट आहे हो' म्हणून गळा काढतो आणि फिर्यादी 'अस्सलच आहे' म्हणून ठणकावतो, असा गुन्हा मला एकदाच भेटला.

तेव्हा मी मंडईजवळच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. फिर्यादी होते जवळच राहणारे एक निवृत्त शिक्षक. घराला रंग देताना त्यांनी स्वयंपाकघरातले कपाट जिन्याखाली ठेवले आणि तिथून ते चोरीला गेले. दूध-तूप ठेवायचे साधे जाळीचे कपाट. आमचा ठाणे अंमलदार म्हणाला, "काका, नवं घ्या ना."

"ते आमच्या हिचं होतं. ती गेली आता," सर म्हणाले. "उद्या आपण बायकोही नवी आणा म्हणाल."

अंमलदाराने निमूट गुन्हा नोंदवला.

काही आठवड्यांनी सर धापा टाकत ठाण्यात आले. धायरीला ओळखीच्यांकडे वास्तुशांतीला गेले असताना रस्त्यालगतच्या एका सुताराच्या शेडमध्ये त्यांना आपले कपाट दिसले होते. इतकी पक्की खबर खबऱ्यांकडूनही मिळत नाही. मी स्वतः गेलो, पंचांसमक्ष कपाट ताब्यात घेतले आणि सुतारालाही चौकशीसाठी आणले.

सुतार तिशीचा, यवतमाळकडचा. बोलका, आणि स्वतःच्या कामावर बेहद्द खूश.

"चोरलं कायले म्हणता जी? मी बनवलं हे! पूर्ण नवीन आहे."

मी कपाटाकडे पाहिले. कडांचा रंग उडून खालचा तपकिरी थर दिसत होता, जाळी गंजली होती, माथ्यावर गरम पातेल्याचा काळा गोल होता. हे नवे असेल तर मी कालच भरती झालो होतो.

"लोकायले आता असंच पाहिजे, साहेब. आधी तपकिरी रंग द्यायचा. जिथं जिथं हात लागते तिथं मेण घासायचं, न् वरून हिरवा. मेणावर रंग धरत नाही. पॉलिश पेपर मारला का निघून येते. जाळी न् बिजागऱ्या जुन्या बाजारातल्या."

"करायला कोणी सांगितलं?"

इथे गडी एकदम गप्प झाला. "नाव नाही सांगत. शब्द देला आहे."

बोलका माणूस नेमक्या एकाच प्रश्नाला गप्प झाला, की कुदळ तिथेच मारायची असते. मी आवाज चढवला, नरमाईने विचारले, पुन्हा आवाज चढवला. तो ढिम्म. शेवटी म्हणाला, "खरवडून पाहा ना मागून. आत कोरं लाकूड निघंल."

सर कपाटासमोर आडवे उभे राहिले. "खबरदार! एक ओरखडा काढलात तर बघा."

मुद्देमालाला धक्का लावायचा नाही, आणि फिर्यादी तर अंगावर आलेला. खरवडणे राहिले. सरांनी एकेक खूण ओळखली. फक्त उजव्या दारापाशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. तिथे चार तिरपे फिकट पट्टे होते.

"हे नव्हते हो," ते म्हणाले. "चोरानं काहीतरी केलेलं दिसतंय."

सकाळी नाव सांगितले नाहीस तर अटक करीन, असे बजावून मी सुताराला संध्याकाळी सोडले. त्याचा चेहरा उतरला होता. शेडभोवती जमलेली माणसे त्याने पाहिली होती. चोर म्हणून नाव झाले की त्याला कोण काम देणार होते? तरी तो तोंड मिटून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या घरी गेलो. आमचा पंचनामा जिन्याखालचा झाला होता, कपाटाची मूळ जागा कोणी पाहिलीच नव्हती. सर चहा टाकत होते. कपाटाची भिंत रिकामी होती, आणि खिडकीच्या गजांमधून आलेल्या उन्हाचे तिच्यावर चार तिरपे पट्टे पडले होते. सर त्यांच्याकडे पाठ करून साखर शोधत होते. रोजचे कोण पाहतो!

"सर, कपाट इथे असताना कोणी फोटो काढला होता का?"

"लेकीनं. तिला दुसरं काम काय? का हो?"

मी लेकीचा नंबर घेतला, बाहेर येऊन तिला फोन लावला आणि धायरीच्या सुताराचे सांगितले. ती हिंजवडीत नोकरीला होती.

"अहो सर, ते सरप्राईज होतं!" ती ओरडलीच. "बाबांच्या पंच्याहत्तरीसाठी. ओरिजिनल मिळेना, म्हणून फोटोवरून सेम टू सेम बनवायला दिलं. बाबांना कळू देणार नाही असं त्या सुतारदादांकडून प्रॉमिस घेतलं होतं. त्यांना आत नाही ना टाकलंत?"

फोटोतले ऊन म्हणजे उडालेला रंग, असे समजून सुताराने तेही इमानाने कपाटावर उतरवले होते.

दुपारी सगळे ठाण्यात जमले. "मला एकट्याला तरी सांगायचंस," मी सुताराला म्हणालो.

"तुमाले सांगतलं असतं तर तुम्ही पहिले या सरायलेच विचारलं असतं ना?"

खरेच विचारले असते. पट्ट्यांचे कळल्यावर मात्र चोर म्हटल्यावर झाला नव्हता एवढा तो खजील झाला. "चूक झाली जी. आजच मिटवून देतो."

सर पातेल्याच्या डागावरून हात फिरवत होते. हा डाग त्यांच्या बायकोच्या हातचा नव्हता, हे आता त्यांना ठाऊक होते. तरी हात निघत नव्हता. मग त्यांनी सुतारापुढे हात जोडले. "मी आपल्याला चोर म्हणालो. माफ करा. आणि पट्टे राहू द्या."

मला त्या दिवशी फार बरे वाटले. मूळ कपाट कधीच सापडले नाही. कागदोपत्री तो गुन्हा आजही उघडकीस आलेला नाही, आणि त्याची मला काडीची खंत नाही. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी जन्मभर मानत आलो आणि ते खरेच आहे. पण कधी कधी तो दुसऱ्याचा आनंद लपवत असतो, हे मला त्या सुताराने शिकवले.

निवृत्तीनंतर एकदा सहज सरांकडे गेलो. सकाळ असूनही आभाळ गच्च भरले होते, स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला होता. सरांनी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि कपाटाच्या उजव्या दाराकडे बोट केले.

"बघा," ते म्हणाले. "आमच्याकडे आजही ऊन आहे."